बघण्याचे पैसे

गाडीखाली तेलाचा डाग दिसला की माणूस पहिल्यांदा शेजारच्या गाडीकडे बघतो. काल इथे दुसऱ्या कोणाची गाडी लागली होती का, वरच्यांकडे पाहुणे येऊन गेले का, रात्री सामान उतरवायला कोणी टेम्पो आत घेतला होता का, अशी रीतसर चौकशी होते. वॉचमनची उलटतपासणी होते. मग ‘एसीचं पाणी असेल’ अशी स्वतःची समजूत घातली जाते. एसीचं पाणी काळं नसतं, चिकट नसतं आणि बोटाला लागलं तर साबणाने दोनदा हात धुवावे लागत नाहीत, हे माहीत असूनही ती समजूत आठवडाभर सहज टिकते. शेवटी सोसायटीच्या फळ्यावर ‘पार्किंगमध्ये ऑइलचे डाग पाडणाऱ्या सभासदांनी नोंद घ्यावी’ अशी सूचना लागते. त्यात नाव कोणाचंच नसतं, फक्त गाडीचा नंबर असतो. तेव्हा कुठे डागाचं पितृत्व मान्य केलं जातं.

डाग कशाचा हे ओळखणं त्यातल्या त्यात सोपं. जुन्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून रात्री गाडीखाली सरकवला की सकाळी निकाल हातात येतो. पाणी असेल तर पुठ्ठा वाळतो आणि विषय संपतो. हिरवट किंवा गुलाबी आणि जरा गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट. लालसर, पातळ असेल तर बहुधा पॉवर स्टिअरिंगचं. घट्ट आणि गंधकासारख्या उग्र वासाचं असेल तर गिअर ऑइल. चाकाच्या आतल्या अंगाला पातळ, जवळजवळ बिनरंगाचं, निसरडं काही ओघळलेलं दिसलं तर ते ब्रेक ऑइल, आणि मग हा लेख बाजूला ठेवून, गाडी जागची न हलवता मेकॅनिकलाच घरी बोलवावं. तपकिरी ते काळं आणि ओशट उरलं, ते इंजिन ऑइल. पुठ्ठ्यावर पुढच्या चाकांच्या खुणा करून ठेवल्या तर थेंब इंजिनाच्या कोणत्या अंगाला पडतो हेही समजतं. इथपर्यंत घरातला प्रत्येक जण डिटेक्टिव्ह असतो, आणि इथपर्यंतचं सगळं फुकट असतं.

माझं म्हणणं पुढच्या भागाबद्दल आहे. ऑइलची गळती थांबवणं हे काम बहुतेक वेळा सोपं असतं. ती नेमकी कुठून होते हे शोधणं अवघड असतं. आणि आपल्या गॅरेजच्या बिलात सोप्या कामाला रकाना आहे, अवघड कामाला नाही. गळत्या वर्षानुवर्षं टिकतात त्याला इंजिनापेक्षा बिलाचं छापील पुस्तक जास्त जबाबदार आहे, असं माझं मत आहे. हे मत मेकॅनिक लोकांवर रागावून बनवलेलं नाही. उलट त्यांची बाजू घेण्याकडेच त्याचा कल आहे.

शोधणं अवघड का, ते आधी बघू. थेंब जिथे पडला त्याच्या बरोबर वर जे काही असेल तेच गळतंय, असं मानायला आपण सगळेच उतावीळ असतो. इंजिनाच्या तळाशी ऑइलचं चेंबर असतं, थेंब त्याच्याच कडेला लोंबत असतो, म्हणून चेंबर गुन्हेगार. पण तेल खालीच येणार, आणि चेंबर सगळ्यात खाली बसलेलं असतं, एवढाच त्या बिचाऱ्याचा दोष. इंजिनाच्या माथ्यावर टॅपेट कव्हर असतं. त्याच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे हात जात नाही आणि नजर तर त्याहून जात नाही, तिथे पॅकिंग उष्णतेने कडक होऊन चिरतं. तेल तिथून डोकावतं, हेडच्या कडेने उतरतं, ब्लॉकवरच्या एखाद्या उंचवट्यावरून आडवं सरकतं, गिअरबॉक्सच्या जोडापाशी जरा थबकतं, मग चेंबरच्या कडेला लागतं आणि एकेका बोल्टाचं डोकं ओलांडत सर्वांत खालच्या बोल्टापाशी येऊन थेंब होतं. गाडी पळत असताना खालून शिरणारा वारा त्याला मागे रेटतो, म्हणजे पुढची गळती मागे उमटते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. चौथ्या मजल्यावरच्या बाथरूमचं पाणी दुसऱ्या मजल्याच्या हॉलमध्ये, तेही पंख्याच्या हुकातून उतरतं. मधला तिसरा मजला ठणठणीत कोरडा असतो, आणि भांडण तिसऱ्या मजल्याशी होतं. इंजिनाच्या बाबतीतला नियम एका ओळीचा आहे: ओलं असलेलं सर्वांत उंच आणि सर्वांत पुढचं ठिकाण शोधायचं. अडचण इतकीच, की ज्या इंजिनावर पाच-सात वर्षांची धूळ आणि तेल यांचं काळं लिंपण बसलेलं असतं, तिथे सगळंच ओलं असतं.

संशयितांची यादी लांब आहे, आणि त्यात स्वस्त वस्तूंची उपेक्षा फार होते. सर्वांत खालच्या पायरीवर आहे चेंबरच्या नटाचा वॉशर. ऑइल बदलताना जो नट काढतात त्याच्या गळ्यात तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची एक चपटी चकती असते. ती मऊ धातूची असते ती एवढ्यासाठी, की नट आवळला की तिने स्वतः चेपावं आणि नट व चेंबर यांच्यामधल्या बारीक खाचा बुजवाव्यात. एकदा चेपली की तिचं काम झालं. पुढच्या वेळी नवी घालायची. पण ती दिसायला अजून छान असते, आणि छान दिसणारी वस्तू टाकून देणं आपल्या अंगवळणी नाही. मग ती फडक्याने पुसली जाते, उलटी करून पुन्हा घातली जाते, आणि थोडं झिरपलंच तर नट जरा जास्त जोराने आवळला जातो. असं चार-सहा सर्व्हिसिंग चालतं. मग एक दिवस चेंबरचे आटे जातात, आणि चहाच्या किमतीतल्या चकतीपायी अख्खं चेंबर बदलावं लागतं.

त्याच्या वरच्या पायरीवर ऑइल फिल्टर. जुना फिल्टर फिरवून काढताना त्याची रबरी रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. नव्याला स्वतःची रिंग असतेच. एकीवर एक बसल्या की दोघी घसरतात, आणि फिल्टरमधलं ऑइल दाबाखाली असल्यामुळे गाडी चालू केल्या केल्या कारंजं उडतं. हा त्यातला सज्जन गुन्हेगार म्हणायचा, लगेच सापडतो. बऱ्याच फिल्टरांच्या डब्यावर छापलेलं असतं, की रिंग टेकल्यावर हाताने आणखी पाऊण फेरा द्यावा. ही सूचना डबा छापणाऱ्याखेरीज कोणी वाचली असेल असं वाटत नाही, कारण प्रत्यक्षात फिल्टर पट्टा-पान्हा लावून असा आवळलेला असतो की पुढच्या वेळी काढताना डबाच फाटावा. मग ऑइल प्रेशरचा स्विच. डॅशबोर्डवरचा लाल दिवा ज्याच्या भरवशावर लागतो तो हा अंगठ्याएवढा तुकडा. ऑइलचा दाब पडला तर मालकाला कळवायचं, ही त्याची एकुलती एक नोकरी. म्हातारपणी आतला पडदा फाटला की तो स्वतःच ऑइल बाहेर सोडायला लागतो, तेही वायरच्या टोपीआडून. आणि कधी कधी तर गळणारा भागच नसतो. नरसाळं सापडलं नाही म्हणून पाण्याची बाटली अर्धी कापून ऑइल भरलेलं असतं, त्यातलं अर्धी वाटी बाहेर सांडलेलं असतं, आणि ते हेडवरून, ब्लॉकवरून आठवडाभर निवांत उतरत राहतं. गळती शून्य, डाग रोज.

हा डाग घेऊन माणूस गॅरेजात जातो. मेकॅनिक खाली वाकतो, टॉर्च मारतो, बोट फिरवून वास घेतो आणि मिनिटभरात निकाल देतो: “साहेब, चेंबर पॅकिंग गेलंय.” दुसऱ्या गॅरेजात तेवढ्याच वेळात टॅपेट कव्हर जातं. तिसऱ्या ठिकाणी काचेची केबिन आणि कॉफीचं मशीन असतं, तिथे क्रँकचं मागचं सील जातं. यात कोणी लबाडच असतो असं नाही. आपण पैसे कशाचे देतो ते बघा. बिलात रकाने दोन, पार्ट्स आणि लेबर. आणि लेबर म्हणजे काढण्या-घालण्याची मजुरी. आता समजा एखाद्या मेकॅनिकने इंजिन धुतलं, पुसलं, गाडी फिरवून आणली, अर्धा दिवस तिच्यापाशी घालवला आणि सांगितलं, “स्विच गळतोय, बाकी सगळं ठीक आहे.” त्याने बिल कशाचं करायचं? स्वस्तातल्या एका स्विचचं आणि पाच मिनिटांच्या मजुरीचं. त्याने खाली ‘शोधण्याचे पाचशे’ असं लिहिलं तर आपण चष्मा कपाळावर चढवून विचारणार, “नुसतं बघायचे पाचशे?” बघणं फुकट असतं ही आपली समजूत फार पक्की आहे. तेव्हा व्यवहारी मेकॅनिक बघण्यात वेळ घालवत नाही. त्याला कशात पैसे मिळतात हे आपणच त्याला शिकवलेलं असतं. तो अंदाज करतो आणि पॅकिंग बदलतो. अंदाज चुकला तरी आपण तक्रार करत नाही, कारण आपल्या हातात जुनं पॅकिंग ठेवलं जातं. काळं पडलेलं, वाळलेलं, काढताना तीन तुकडे झालेलं. ते बघून आपण हळहळतो, “अरेरे, फारच गेलं होतं.” काढलेलं पॅकिंग नेहमी असंच दिसतं. निर्दोष असलं तरी.

या अंदाजाचा सर्वांत खर्चिक प्रकार म्हणजे क्रँकचं मागचं सील. वस्तू म्हणाल तर रबराचं एक कडं, किंमत सगळ्या कामाच्या मानाने किरकोळ. पण ते इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये, फ्लायव्हीलच्या मागे दडलेलं असतं, आणि तिथे पोचायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. एकदा तो उतरला की ते सुप्रसिद्ध वाक्य येतं: “उतरवलाच आहे, तर क्लचपण टाकून घ्या.” या वाक्यात खोट काढता येत नाही, हीच त्याची ताकद. क्लच बदलायचा म्हणजे पुन्हा हीच मजुरी पडणार, मग आत्ताच का नको? क्लच बदलला तर त्याचं बेअरिंग जुनं ठेवणं वेडेपणाचं. गाडी वर चढवलेलीच आहे, तर पुढची बुशं. संध्याकाळपर्यंत बिल दुसऱ्या पानावर जातं, आणि दोन दिवसांनी सकाळी पुठ्ठ्यावर थेंब असतो. त्याच जागी. कारण टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून उतरणारं तेलही नेमकं इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडातूनच ठिबकतं, आणि खालून बघणाऱ्याला दोन्ही गळत्या सारख्याच दिसतात. फरक वरून दिसतो, पण त्यासाठी आधी वर बघावं लागतं.

पॅकिंग बदलायचं नसेल तर दुसरा लोकप्रिय इलाज म्हणजे आवळणं. हा इलाज आपण लोणच्याच्या बरणीपासून सरकारी यंत्रणेपर्यंत सगळीकडे सुचवतो. टॅपेट कव्हरचे बोल्ट बऱ्याच गाड्यांत साधारण आठ-दहा न्यूटन-मीटरलाच आवळायचे असतात. म्हणजे फूटभर पान्ह्याच्या टोकाला तीन-साडेतीन किलो वजन टांगलं तर जेवढा जोर पडेल तेवढाच. मेकॅनिकचं मनगट याला आवळणं म्हणतच नाही. तो आणखी जोर देतो, बोल्टांजवळ पॅकिंग चेपून बाहेर येतं, पत्र्याचं कव्हर दोन बोल्टांच्या मध्ये कमान होऊन वर उचललं जातं, आणि पूर्वी झिरपणारं तेल आता त्या कमानीखालून ओघळायला लागतं. मग सिलिकॉनची ट्यूब निघते. सिलिकॉन वाईट नव्हे. कित्येक इंजिनांची चेंबरं कारखान्यातच पॅकिंगशिवाय, नुसत्या सिलिकॉनवर बसवतात. पण तिथे तेलाचा अंश न राहील अशा स्वच्छ पृष्ठभागावर दोन-तीन मिलिमीटरची एक रेघ ओढलेली असते. आपल्याकडे ओल्या पृष्ठभागावर वाढदिवसाच्या केकइतकं सिलिकॉन लागतं. बोल्ट आवळले की निम्मं बाहेर येतं, ते बोटाने पुसतात. निम्मं आत जातं, ते कोणी पुसत नाही. ते वाळतं, सुटतं आणि तरंगत ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. ऑइल बाहेर जायचं थांबतं खरं, पण बेअरिंगांपर्यंत जायचंही थांबतं.

कधी कधी सगळं बरोबर केलेलं असतं आणि तरीही दोन महिन्यांत दुसरीकडून गळायला लागतं. इथे दोष सीलचा नसतोच. पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा वायू प्रत्येक इंजिनात खालच्या बाजूला उतरतो. त्याला बाहेर वाट मिळावी म्हणून ब्रीदरची नळी आणि पीसीव्ही नावाचा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो हा वायू ओढून पुन्हा इंजिनात जाळायला पाठवतो. ही वाट काजळीने तुंबली की आत दाब वाढतो, आणि दाबाखालचं तेल जे सील सर्वांत कमजोर असेल तिथून बाहेर पडतं. ते बदललं तर त्याच्या खालोखाल कमजोर असेल तिथून. असं एकेक सील बदलत गेलेल्या माणसाला आपल्या गाडीवर कोणी करणी केली असं वाटलं तर नवल नाही. तपासायची युक्ती अगदी साधी आहे. पेट्रोल गाडी उभी, इंजिन चालू, ऑइल भरायचं झाकण काढायचं आणि तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी ठेवायची. ती हलकेच आत ओढली गेली तर ठीक. फुगून उडाली तर सीलला हात लावण्याआधी ब्रीदर साफ करायचा. हे करायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे बहुतेक ठिकाणी हे करत नाहीत.

बरोबर पद्धत सगळ्यांना ठाऊक असते. गार इंजिन केरोसीन किंवा डीग्रीझर लावून, अल्टरनेटर आणि वायरिंग झाकून, नीट धुवायचं. डिझेलचा फवारा मारून धुणारे असतात, पण रबरी नळ्यांना ते मानवत नाही आणि गरम सायलेन्सरजवळ तर मुळीच नाही. पूर्ण वाळू द्यायचं. संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरायची. गाडी पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणायची आणि वरून खाली बघत यायचं. पांढऱ्या पावडरवर तेलाची वाट रेघेसारखी उमटते. तरी सापडलं नाही तर ऑइलमध्ये मिसळायचा एक रंग मिळतो, अतिनील दिव्याखाली तो हिरवट-पिवळा चमकतो आणि तेलाने कुठून कुठे प्रवास केला ते सांगतो. या सगळ्यात अवघड असं काही नाही. फक्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ गॅरेजातली एक जागा अडून राहते. (इंजिन धुण्याची आपल्याकडे एकच मान्यताप्राप्त वेळ आहे, गाडी विकायला काढण्याच्या आदल्या दिवशीची. जुनी गाडी घेताना आरशासारखं लखलखीत इंजिन दिसलं तर कौतुक करण्याआधी दोन दिवस थांबून पुन्हा बघावं.)

यावर पहिला आक्षेप अनुभवाचा. वीस वर्षं एकाच कंपनीच्या गाड्या उघडणाऱ्या माणसाला पावडर लागत नाही. कोणत्या मॉडेलचं काय गळतं हे त्याला पाठ असतं. हे खरं आहे आणि त्याला मान द्यायलाच हवा. प्रत्येक इंजिनाची एक बदनाम जागा असते, आणि अनुभवी मेकॅनिकचा पहिला अंदाज बरेचदा बरोबर निघतो. माझा मुद्दा पहिल्या अंदाजाबद्दल नाहीच, तो चुकल्यानंतर जे होतं त्याबद्दल आहे. तिथे शोध सुरू व्हायला हवा; आपल्याकडे दुसरा अंदाज सुरू होतो. अंदाजच करायचे तर निदान वॉशरपासून सुरू करून गिअरबॉक्सपर्यंत जावं. उलट्या दिशेने गेलेली गाडी वॉशरपर्यंत पोचेस्तोवर मालकाने विकलेली असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. गळतंय ना, गळू द्या. अधूनमधून ऑइल टाका आणि चालवा. याचं उत्तर देण्याआधी हिशेब मांडू. तेलाचे पंचवीस थेंब म्हणजे ढोबळमानाने एक मिलिलिटर. रात्रीला दहा थेंब पडत असतील तर वर्षाचे तीन हजार सहाशे पन्नास, म्हणजे दीडशे मिलिलिटरच्या आसपास. बऱ्याच गाड्यांत डिपस्टिकच्या वरच्या आणि खालच्या खुणेत जवळजवळ लिटरभराचं अंतर असतं. म्हणजे ही गळती इंजिनाची अडचण नाही, सोसायटीची आहे, आणि तिच्यावर पुठ्ठा हाच रास्त उपाय. जर्मनीत मोटारींची दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी होते. तिथेसुद्धा नुसत्या ओलसर इंजिनाकडे आणि थेंब गाळणाऱ्या इंजिनाकडे एकाच नजरेने बघत नाहीत. पण मिनिटाला एक थेंब पडत असेल तर दिवसाचे चौदाशे चाळीस होतात, म्हणजे अठ्ठावन्न मिलिलिटर. सतराव्या-अठराव्या दिवशी लिटर संपतं. आणि हे उभ्या गाडीचं झालं. फिल्टर किंवा स्विच गळत असेल तर चालत्या गाडीत, दाबाखाली, वेग वेगळाच. मग तेल पडतं कुठे हेही बघावं लागतं. सायलेन्सरवर पडलं तर जळका वास आणि धूर, टायमिंग बेल्टवर पडलं तर बेल्टचं आयुष्य कमी, क्लचवर गेलं तर चढावर गाडी नुसती ओरडते. रस्त्यावर पडलं तर ते आपलं राहत नाही. पुण्यात पहिल्या पावसाच्या आसपास ‘ऑइल सांडल्याने दुचाकी घसरल्या, अग्निशमन दलाने माती टाकली’ ही बातमी ठरलेली असते. ते सगळं ऑइल एखाद्या टँकरचंच असतं असं समजायचं कारण नाही. तेव्हा ‘टाका आणि चालवा’ हा सल्ला बरोबर की चूक हे थेंब मोजल्यावर ठरतं. मोजणं हाही बघण्याचाच भाग, म्हणून तेही कोणी करत नाही.

बाटलीतल्या औषधाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ऑइलमध्ये ओतायची ही द्रव्यं कडक झालेलं रबर थोडं मऊ करतात, थोडं फुगवतात. वयाने आखडलेल्या सीलवर त्यांचा काही काळ गुण येतो. फाटलेल्या पॅकिंगवर, चेपलेल्या वॉशरवर, तुंबलेल्या ब्रीदरवर येत नाही. तरी ती खपतात, कारण ‘गळतंय कुठून?’ हा प्रश्नच ती विचारत नाहीत.

मग कोणी तरी ज्येष्ठ सांगतात, आमच्या वेळच्या गाड्या अशा नव्हत्या. नव्हत्याच. त्या गळतील हे गृहीत धरून बनवलेल्या होत्या. २०१४ पर्यंत उत्तरपाड्याला बनत राहिलेल्या अॅम्बॅसॅडरला अनेक वर्षं जे १४८९ सीसीचं ब्रिटिश बी-सिरीज इंजिन होतं, त्यात क्रँकच्या मागच्या टोकाला आजच्यासारखं रबरी सील नसायचं. शाफ्टवर स्क्रूसारखी उलटी खाच कापलेली असायची. शाफ्ट फिरला की ती खाच बाहेर निघालेलं तेल परत आत ढकलायची. कल्पना अप्रतिम होती आणि गाडी चालू असेपर्यंत लागू होती. गाडी थांबली की खाच थांबायची, तेल थांबायचं नाही. म्हणून प्रत्येक अॅम्बॅसॅडरच्या मुक्कामाच्या जागी एक काळं गोल असायचं, आणि ते दिसलं नाही तर आतलं ऑइल संपलं असं समजून गेज तपासायची पद्धत होती. ‘थोडं तर गळणारच’ हे आपल्या गॅरेजांमधलं तत्त्वज्ञान त्या इंजिनांवर वाढलेल्या पिढीकडून आलं असावं असा माझा संशय आहे. त्या पिढीसाठी ते शंभर टक्के खरं होतं. आजच्या गाड्यांना लागू करायचं तर जपून, कारण आता इंजिनाखाली प्लास्टिकचं पॅनल असतं. पहिला थेंब महिनोन् महिने त्या पॅनलवरच साठतो, आणि जमिनीवर डाग दिसतो तेव्हा वर चांगलं तळं झालेलं असतं.

राहता राहिले इलेक्ट्रिक गाडी घेऊन सुटलो म्हणणारे. त्यांच्या गाडीत इंजिन ऑइल नसतं, हे मान्य. पण मोटर आणि चाकं यांच्या मध्ये गिअरचा संच असतो, त्यात ऑइल असतं, आणि त्यातून बाहेर येणाऱ्या शाफ्टांवर सील असतात. सील रबराची असतात, रबर कडक होतं. दहा-बारा वर्षांनी या गाड्यांखालीही पुठ्ठे सरकवले जातील, एसीचं पाणी असेल म्हणून आठवडा जाईल, आणि कोणी तरी खाली वाकून, टॉर्च मारून, मिनिटभरात सांगेल की साहेब, सील गेलंय. सील स्वस्तच असेल. मोटर उतरवायची मजुरी वेगळी.